डाव्या खांद्यावरचं बोट

हॉलमध्ये शंभरेक माणसांनी टाळ्या वाजवल्या, एकानं वाजवल्या नाहीत. गोष्ट एवढीच. तिला आता महिना होऊन गेला, तरी सकाळी पीथमपूरला जाणारी कंपनीची बस राऊच्या पुढे निघाली आणि मी मोबाइल बाजूला ठेवला, की ते मांडीवर तसेच पडलेले दोन हात मला दिसतात.

कंपनीनं आम्हाला दिवसभराच्या प्रशिक्षणासाठी विजयनगरमधल्या एका हॉटेलात नेलं होतं. विभागप्रमुख, आणि प्रत्येक विभागातली दोन-चार तरुण पोरं. सकाळी नाश्त्याला पोहे-जिलेबी होती, पण पोह्यांवर जिरावण, तो इंदुरी मसाला, नव्हतं. वेटरकडे मागितलं तर तो आत जाऊन चौकशी करून आला. इंदुरात जिरावण मागावं लागणं हे शुभलक्षण नव्हे. त्यात व्यासपीठामागच्या फलकावर विषय वाचला, 'संगीत आणि नेतृत्व', आणि उरलासुरला मूडही गेला. ज्या घरात तंबोऱ्याच्या गवसण्या धुवायला काढणं हा दिवाळीच्या साफसफाईचा भाग होता, त्या घरात मी वाढले. मला संगीतावरून कोणी ऑफिसच्या गोष्टी शिकवायला लागलं की राग येतो. पाहुण्यांसमोर आईला कोणी एकेरीत हाक मारावी तसं काहीतरी वाटतं. हा राग फारसा शहाणपणाचा नाही, हे मलाही कळतं.

प्रशिक्षक तरुण होता, उत्साही होता, आणि खरं सांगायचं तर वाईट नव्हता. त्यानं जॅझबद्दल सांगितलं. हर्बी हॅनकॉकची ती गोष्ट सांगितली, पुष्कळांनी ऐकली असेल. १९६० च्या दशकात ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसच्या संचात हॅनकॉक पियानोला होता, वय विशीतलं. युरोपातल्या एका मैफलीत सगळं ऐन रंगात आलेलं, माइल्स वाजवतोय, आणि हॅनकॉकच्या हातून भलताच कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवलेला सुरांचा जुडगा, पडला. त्यानं कानांवर हात ठेवले. माइल्स श्वासभर थांबला आणि त्यानं असे काही सूर काढले की तो चुकलेला कॉर्ड बरोबर ठरला. हॅनकॉक पुढे अनेक वर्षं सांगत आला की मी ती चूक म्हणून ऐकली. माइल्सनं ती चूक म्हणून ऐकलीच नाही, नुसती घडलेली एक गोष्ट म्हणून ऐकली. गोष्ट सुंदरच आहे. मग पडद्यावर मोठ्या अक्षरांत ओळ आली: चुकीचा सूर नसतोच! टाळ्या तेव्हा वाजल्या.

आम्ही औषधाच्या कारखान्यातली क्वालिटी कंट्रोलची माणसं. आमच्याकडे चुकीचा सूर असतो. त्याला नंबर पडतो, त्याची फाइल उघडते, त्याच्यावर तीन जणांच्या सह्या होतात आणि पुढची कित्येक वर्षं ती फाइल कपाटात राहते, कारण कुठलाही ऑडिटर कधीही येऊन ती मागू शकतो. आमच्या एचपीएलसी यंत्रावर, म्हणजे नमुन्यात औषध किती आहे ते मोजणाऱ्या यंत्रावर, रोज सकाळी आधी स्टँडर्डचीच, माहीत असलेल्या प्रमाणाच्या द्रावणाची, इंजेक्शनं द्यायची, पाच किंवा सहा, तीच तीच. त्यांच्या निकालांत दोन टक्क्यांहून जास्त फरक पडला तर पुढे जायचंच नाही. मग नमुना. ठरलेलं वजन, ठरलेला फ्लास्क, ठरलेला वेळ. तिथे कोणी 'मी जरा वेगळं करून पाहिलं' असं म्हणालं तर त्याला गाण्यातल्यासारखी उपज, आयत्या वेळी सुचलेलं नवं काही, म्हणत नाहीत; डेव्हिएशन, ठरल्यापासून ढळणं, म्हणतात. मी बाजूच्या उत्पादनवाल्या बाईंकडे बघून हसले. त्याही हसल्या. आणि मागच्या रांगेकडे सहज नजर गेली तर तो मुलगा माझ्याकडे बघत होता, हात मांडीवर. नजरानजर झाल्याबरोबर त्यानं मान खाली घातली.

तो बदनावरकडचा, बी. फार्म. करून आलेला, दीड वर्षापूर्वी लागलेला. काम स्वच्छ. दोन महिन्यांआधी त्याच्या हातून एक फ्लास्क चुकला होता. मानेवरच्या खुणेपर्यंत द्रावण भरायचं असतं. द्रावणाच्या पृष्ठभागाचा खोलगट तळ बरोबर त्या रेषेवर बसला पाहिजे. त्याचा किंचित वर गेला. असं झालं की ते फेकायचं, वहीत लिहायचं आणि पुन्हा वजन करून नव्यानं करायचं. अर्ध्या तासाचं काम. त्यानं फेकलं नाही. औषधाच्या प्रमाणाचा निकाल आला ९४.६ टक्के, मर्यादा ९५ ते १०५. मर्यादेबाहेर गेलं की आमच्याकडे चौकशी सुरू होते, आणि चौकशीत सगळ्यांवर संशय घ्यावा लागतो: यंत्रातल्या कॉलम नावाच्या नळीवर, स्टँडर्डवर, यंत्रावर, वजनकाट्यावर, खुद्द बॅचवर. पहिल्याच दिवशी त्याला रीतसर विचारलं होतं. 'सब ठीक था' म्हणाला. दोन दिवस आठ माणसं राबली. खाली उत्पादनवाल्यांनी आपल्या नोंदी उलट्यापालट्या केल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या काचेच्या केबिनबाहेर उभा राहिला, बराच वेळ, मग आत येऊन म्हणाला, "मॅडम, वो फ्लास्क... मार्क से ऊपर चला गया था."

मी ओरडले नाही. ते मला नीट आठवतं, कारण तेव्हा स्वतःवर खूश होते. रिपोर्ट लिहिला, पुन्हा प्रशिक्षण द्यावं असा शेरा मारला, नवं द्रावण करवून घेतलं, बॅच व्यवस्थित पास झाली. फक्त जाताना एक विचारलं: त्याच वेळी का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "आप फोन पर थीं." तेवढंच. मी तेव्हा समजले की फोनवर होते म्हणून व्यत्यय नको वाटला असेल. रात्री आठवलं. मी त्याच्याच शेजारच्या टेबलापाशी उभी राहून डिस्पॅचवाल्यांशी बोलत होते, आणि सगळ्या लॅबला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत होते की ही बॅच आज गेलीच समजा.

दोन दिवस. हा आकडा मला टोचत राहिला. चूक नव्हे, दोन दिवस.

लहानपणी मी गाणं शिकले, पण गायिका काही झाले नाही. आवाज बेताचा, कान मात्र बरा. त्यामुळे रामबागेत ज्यांच्याकडे शिकत होते त्या बाईंनी मला तंबोऱ्यावर बसवलं, आणि बारा-तेराव्या वर्षापासून कॉलेज संपेपर्यंत मी त्यांच्या मागे बसत आले. तंबोऱ्यावर बसणाऱ्याला मैफल मागून दिसते. श्रोत्यांना गाणाऱ्याचा चेहरा दिसतो, हातवारे दिसतात. आम्हाला दिसते मान. तान घ्यायच्या आधी बाईंचे खांदे किती खाली यायचे, सम, तालाची पहिली मात्रा, जवळ आली की अंबाड्याखालची शीर कशी उभी राहायची, पेटीवाल्या काकांचा डावा अंगठा भात्यावर कधी अडखळायचा, हे सगळं मला पाठ होतं. गाणारा पुढे काय करणार हे श्रोत्यांना कळायच्या आधी पाठीला कळतं. तबलजी तिरका बसलेला असतो, त्याचा अर्धा चेहरा दिसतो, आणि त्या अर्ध्या चेहऱ्यावर बाईंच्या गाण्याचा खरा निकाल लागत असे. समोर 'वाहवा' होत असली तरी.

साथ हा शब्दही किती चांगला आहे आपल्याकडे. टीमवर्क म्हटलं की सगळ्यांनी सारखं काहीतरी करायचं असं वाटतं. साथीत कोणी सारखं नसतं. एकाला सगळी मुभा, दुसऱ्याला थोडी, तिसऱ्याला काहीच नाही. तंबोरेवालीनं चार तारा छेडत राहायच्या: पंचम, जोड, जोड, खरज. दोन तास. नाक खाजवायचं नाही. आणि ही मुभा नसलेली माणसं आहेत म्हणूनच मधल्याला उपज सुचते. त्याच्या पायाखालची जमीन कोणीतरी धरून ठेवलेली असते. ख्यालगायक अमीर खाँसाहेब तर आमच्या इंदूरचेच, सारंगिये शाहमीर खाँचे चिरंजीव. त्यांचा विलंबित झुमरा ऐकताना हे फार जाणवतं. चौदा मात्रांचा ताल, एकेक आवर्तन जवळजवळ मिनिटभराचं, आणि तबल्यावर काय, तर नुसता साधा, सरळ ठेका. खाँसाहेबांना तोच हवा असे. मेरुखंडानं, म्हणजे सुरांचा क्रम बदलत बदलत, गेलं तर सात सुरांच्या ५०४० मांडण्या होतात, आणि त्या अफाट पसाऱ्याखाली एक माणूस धिं धिं करत शांत बसलेला. मी कॉलेजात असताना हे ऐकून भारावून जायची. आता लॅब सांभाळायला लागल्यापासून मात्र त्या तबलजीचाच विचार मनात येतो. त्याला कंटाळा येत असेल का? घरी गेल्यावर बायकोला काय सांगत असेल? माझ्याकडे एक जण गेली अकरा वर्षं मोबाइल फेज, म्हणजे यंत्रातून वाहणारं द्रावण, गाळतो, बाटल्यांवर तारखा घालतो, नमुन्यांची आवक नोंदवतो. त्याचा ठेका कधी चुकला नाही म्हणून त्याला मी दुसरं काही दिलंही नाही. हे बरोबर नाही, आणि ते बदललं तर माझी पंचाईत होईल, हेही तितकंच खरं.

ते असो. पंधरवड्यापूर्वी टिळकनगरमध्ये एकांकडे घरगुती बैठक होती. पुण्याहून आलेली तरुण गायिका, तबल्याला इथलेच एक जुने गृहस्थ. खोलीत चाळीसेक माणसं, खुर्च्या कडेला सारलेल्या, आतून चहात किसलेल्या आल्याचा वास. विलंबित एकताल. अंतऱ्यानंतर मुलगी बोलआलापात इतकी रमली की मुखडा, समेवर नेणारी बंदिशीची सुरुवात, मात्राभर आधी उचलला. समेवर आली आणि तिथे सम नव्हती. मी मागच्या बाजूला भिंतीला टेकले होते, जुनी सवय. मला तिची मान दिसत होती. ती ताठ झाली. तबलजींनी काय केलं असेल? त्यांच्या हातात तेव्हा थोडीफार कलाकुसर चालू होती, ती त्यांनी टाकून दिली. एकदम कोरा ठेका धरला, पहिलीतल्या मुलाला पाटीवर गिरवायला देतात तसा. डग्ग्यावरचा घुमारा किंचित वाढवला. मुलीकडे पाहिलंसुद्धा नाही. ती दोन-चार मात्रा गप्प राहिली, मग आकारात एक लांब सूर धरला, आणि आवर्तन फिरून आलं तेव्हा मुखडा असा नेमका बसवला की कोणीतरी 'आहा' म्हणालं. समोरच्या एका आजोबांची बोटं मात्र मांडीवर थबकली होती, ती पुन्हा चालू झाली. बाकी खोलीला पत्ता नव्हता. मुलीनं तबलजींकडे बघून हलकेच मान लववली.

घरी येताना विचार करत होते की हे झाकणं झालं का? आमच्या धंद्यात झाकणं हा गुन्हा आहे. पण तबलजींनी तिच्यापासून तर काही झाकलं नव्हतं. उलट तू कुठे आहेस आणि सम कुठे आहे हे इतक्या लख्ख दाखवलं की दुसऱ्या कुठल्या मार्गानं दाखवता आलं नसतं. झाकलं ते श्रोत्यांपासून, आणि श्रोत्यांचं त्यात काही बिघडलं नाही. आमचा श्रोता म्हणजे ती गोळी घेणारा रतलाम-झाबुआकडचा कोणी म्हातारा. त्याच्यापासून झाकायचं नसतं. हा फरक त्या प्रशिक्षकानं सांगितला असता तर मीही मनापासून टाळ्या वाजवल्या असत्या. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे. चूक झाली आणि शेजारच्याला कळलं, या दोहोंच्या मध्ये टिळकनगरच्या त्या खोलीत किती वेळ गेला? एक मात्रा. आणि दुरुस्त व्हायला एक आवर्तन. माझ्या लॅबमध्ये दोन दिवस, आणि माझी लॅब म्हणजे सगळीकडे काचा, कोणीही कोणालाही बघू शकेल अशी बांधलेली.

आता जे सांगायचं टाळत होते ते.

१९८६ सालचा गणेशोत्सव, मी पंधरा वर्षांची. मांडवात बाईंचं गाणं. भाद्रपदातली ओलसर हवा, आणि डोक्यावर हॅलोजनचे दोन दिवे, इतके जवळ की तंबोऱ्याचा भोपळा हाताला कोमट लागत होता. बाईंना तंबोऱ्यांचं वेड होतं. कुमारजींना, म्हणजे कुमार गंधर्वांना, ऐकायला त्या आम्हा पोरींना देवासला घेऊन जात, आणि गाण्याइतकंच लक्ष तंबोरे लावण्याकडे द्यायला लावत. कुमारजी तंबोरे लावायला बसले की लावतच बसत; जवारीतला दोरा केसभर इकडे, तार किंचित चढवणारा-उतरवणारा मणी केसभर तिकडे, आणि मग अचानक त्या चार तारांतून न छेडलेला गंधार बोलायला लागे. बाई म्हणायच्या, "हे ऐकून ठेवा, गाणं नंतर." तर त्या दिवशी आमचे तंबोरे असेच सुरेख लागले होते. बाईंनी बिहाग सुरू केला. पाचेक मिनिटांत माझ्या तंबोऱ्याचा पंचम उतरला.

मला कळलं. त्याच क्षणी कळलं, शंका नाही. दिव्यांच्या उष्णतेनं तार सैल पडली होती. फार नाही, पण पंचम आणि जोडाच्या मध्ये जो एक गुळगुळीत धागा असतो त्याला गाठ पडल्यासारखी झाली. उजवीकडच्या तंबोऱ्यावर एक मोठी ताई बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं की नुसतं मांडवाकडे, ते मला आजही सांगता येणार नाही. मी छेडत राहिले. मणी सरकवायचा तर हात खाली न्यावा लागणार, तार थांबणार, बाईंना कळणार. समोर तीनशे माणसं. आई पहिल्या रांगेत, नव्या परकर-पोलक्यातल्या धाकट्या बहिणीला मांडीवर घेऊन. मी तो पंचम हळू छेडायला लागले, ऐकू येऊ नये म्हणून. म्हणजे चूक आणखी वाढवली. हळूहळू बाई पंचमावर थांबेनाशा झाल्या. गंधारावरून येत, पंचमाला नुसता स्पर्श करत आणि निघून जात. त्यांची मान ताठ झाली, खांदे वर चढले, मी सगळं बघत होते. शेवटी विलंबित संपवून द्रुत सुरू करायच्या आधी त्या अर्ध्या वळल्या, माझ्या हाताखालून हात घालून मणी सरकवला, तार दोनदा छेडली आणि परत पुढे वळल्या. चेहऱ्यावर काही नाही.

घरी परत आल्यावर, तंबोरे गवसणीत घालताना त्यांनी विचारलं, "पंचम उतरला ते तुला कळलं होतं?"

"हो."

"केव्हा?"

"पहिल्या आलापातच."

बाई बराच वेळ गप्प राहिल्या. मला वाटलं आता बोलणी बसणार. पण त्या जणू स्वतःशीच म्हणाल्या, "म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं मी उतरलेल्या पंचमावर गायले, आणि ते माहीत असलेली पोर माझ्यामागे हातभर अंतरावर बसली होती." मग गवसणीची नाडी बांधली आणि मला जेवायला बस म्हणाल्या. वरण-भात होता. मला गिळवेना.

पुढच्या कार्यक्रमाच्या आधी, साड्या बदलून आम्ही विंगेत उभ्या होतो तेव्हा त्या म्हणाल्या, "तार उतरली तर माझ्या डाव्या खांद्याला बोट लाव. मी काय गाते आहे, कुठे आहे, ते बघायचं नाही. बोट लावायचं." मी विचारलं, "आणि उतरली नसेल, मला उगाच वाटलं असेल तर?" त्या म्हणाल्या, "तर मी ऐकेन आणि पुढे गाईन." पंधरा वर्षांच्या मुलीला गाणाऱ्या बाईंच्या खांद्याला भर मैफलीत हात लावायची परवानगी! पेटीवाल्या काकांनाही ती नव्हती. त्या रात्री मी दोनदा बोट लावलं. पहिल्यांदा खरंच खरज उतरला होता. बाईंनी न वळता उजवा हात मागे करून 'थांब' अशी खूण केली, मी मणी सरकवला, त्यांनी गात गात मान हलवली. दुसऱ्यांदा काहीही झालेलं नव्हतं. मलाच भास झाला. बाई एका लांब आलापाच्या मधोमध होत्या, त्यांनी सूर धरून ठेवला, ऐकलं, आणि पुढे गेल्या. पण त्या एका क्षणात त्यांच्या मानेवर जी आठी उमटली ती मी पाहिली. बाई देव नव्हत्या. चांगला जमलेला आलाप मोडला होता माझ्यामुळे. घरी येईपर्यंत त्या माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि तरी पुढच्या वेळी विंगेत, पुन्हा, न चुकता: "डावा खांदा, लक्षात आहे ना?"

हे दर वेळी पुन्हा सांगणं मला तेव्हा गमतीचं वाटायचं. मला काय एकदा सांगून कळत नव्हतं? आता वाटतं, मागच्या वेळची ती आठी पुसल्याशिवाय माझं बोट पुढे गेलंच नसतं, हे त्यांना ठाऊक असावं.

माइल्स डेव्हिसचीही गोष्ट मग मी घरी शांतपणे पुन्हा आठवून पाहिली. प्रशिक्षकानं तिच्यावर भलतीच पाटी लावली होती. चुकीचा सूर नव्हता असं कुठे आहे त्यात? होता की. हॅनकॉकनं कानांवर हात ठेवले म्हणजे चांगलाच होता. फरक इतकाच की तो कॉर्ड पडल्यापासून श्वासभरात माइल्सच्या कानी पोहोचला होता. माइल्स ऐकत होता. आपल्याच वादनाच्या भरात, सगळे दिवे आपल्यावर असताना, मागे पियानोवर काय पडलं ते ऐकत होता. मी शेजारच्या टेबलापाशी उभी होते, हातभर अंतरावर, आणि डिस्पॅचशी बोलत होते.

त्या मुलाची ती नजर मला आता कळते असं मी म्हणणार नाही. कदाचित तो टाळ्या वाजवायच्या बेतात असताना मी हसताना दिसले असेन. कदाचित त्याला वाटलं असेल, इथे चुकीचा सूर नसतो म्हणतात आणि माझ्या फाइलला तर नंबर आहे. कदाचित जेवण जड झालं असेल. हॉटेलवाल्यांनी दालबाफल्यांत तूप हात सैल सोडून घातलं होतं. विचारायला गेले तर तो 'नहीं मॅडम, कुछ नहीं' म्हणेल, आणि ते मला ऐकायचं नाही.

गेल्या सोमवारी मी लॅबमध्ये सगळ्यांना दोन मिनिटं गोळा केलं. खांद्याला बोट वगैरे सांगणं शक्य नव्हतं, हसले असते. एवढंच म्हणाले की हातातलं काही चुकलं असं वाटलं तर केबिनच्या काचेवर टकटक करा, मी कोणाशीही बोलत असले तरी, आत कोणीही बसलेलं असलं तरी. अकरा वर्षं बाटल्यांवर तारखा घालणारा म्हणाला, "ऑडिटर बैठा हो तो भी?" सगळे हसले. मी म्हटलं, तो भी. म्हणताना पोटात जरा गोळा आलाच.

गुरुवारी ऑडिटर बसलाच होता. नियमित पाहणी, फार गंभीर काही नाही, पण माणूस बारीक बघणारा, आणि नेमकी तीच ९४.६ वाली फाइल त्याच्यासमोर उघडी. मी दोन दिवसांचा विलंब कसा झाला हे समजावत होते, वाक्य मोठ्या मेहनतीनं जुळवून आणलं होतं, आणि काचेवर टकटक झाली. तो बाहेर उभा, हातमोजे घातलेले, मास्कच्या वर फक्त डोळे. ऑडिटरनं पेन थांबवलं. मी बाहेर गेले. मुलगा म्हणाला की तीन नंबरच्या यंत्रावर कॉलमचं प्रेशर चढल्यासारखं वाटतंय, इंजेक्शनं थांबवू का. माझ्या कपाळावर आठी आली असणार, कारण तो अर्धं पाऊल मागे सरला. मी त्याच्याबरोबर यंत्रापर्यंत चालत गेले, पडद्यावरचा आकडा पाहिला, कालचा लॉग काढून ताडून पाहिला.

प्रेशर बरोबर होतं.

"चालू ठेव," मी म्हटलं. मग दारापर्यंत गेले, परत आले, आणि त्याला म्हटलं, "उद्या पुन्हा वाटलं तर पुन्हा काच वाजव." तो काही बोलला नाही. पुढची व्हायल ट्रेमध्ये ठेवली.